भिंतीवरचं बियाणं

पॉड्रिगच्या बैठकीच्या खोलीत योगिनी पहिल्यांदा शिरली, भिंतीकडे बघितलं आणि खुदकन हसली. हसायला नको होतं. दुसऱ्याच्या देवघरात चपला घालून शिरावं, तसं झालं ते.

पण तिचा तरी काय दोष? भिंतीवर दारापासून खिडकीपर्यंत हरणांची शिंगं टांगलेली. दाराजवळची पॉड्रिगच्या आजोबांनी मारलेल्या नरांची, फाट्यांवर फाटे फुटलेली, दोन्ही हात पसरले तरी कवेत न मावणारी. मधली त्याच्या वडिलांची, जरा बेताची. आणि खिडकीजवळची खुद्द पॉड्रिगची. त्यांच्यावर फार तर ओला रेनकोट वाळत टाकता आला असता. तीन पिढ्यांची मर्दुमकी अशी उतरत्या भाजणीने मांडलेली, आणि त्या घराण्यातल्या कुणाच्याही ते कधी लक्षात आलं नव्हतं.

ती आली होती डबा परत द्यायला. आदल्या दिवशी पॉड्रिगने अंडी दिली होती आणि शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून तिने त्यात चकल्या भरल्या होत्या. आयर्लंडमधल्या कासलबार गावाच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी त्या रस्त्याला दोनच घरं. एक पॉड्रिगचं आणि दुसरंही त्याचंच, पण योगिनी आणि मकरंदने भाड्याने घेतलेलं. मकरंद मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात इंजिनिअर आणि योगिनी त्याची डिपेंडंट. व्हिसावरचा हा शब्द वाचला की तिच्या कपाळात तिडीक उठे. राहुरीला ज्वारीच्या वाणांवर एमएस्सी केलेली, उन्हात दिवसदिवस उभी राहून कणसं निवडणारी ही बाई आयर्लंडमध्ये आल्यापासून फक्त मोजे निवडत होती. तेही मकरंदचे, आणि त्यांतही जोडी सापडायची नाही.

त्यामुळे ती भिंत दिसली आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेली सगळी विद्या एकदम उसळून वर आली.

"हे असं उतरत का गेलं, कळलं का तुम्हाला?" ती म्हणाली. "तुम्ही बियाणंच संपवत आलात! आमच्याकडे सगळ्यात भरदार कणीस कुणी खात नाही. ते आढ्याला टांगतात, पुढच्या वर्षी पेरायला. तुम्हीही टांगलंत, पण मारून टांगलंत. मग मागे कोण उरलं? बारक्या शिंगांचे. पुढची पोरं कुणाची झाली? त्यांचीच!"

पॉड्रिग सत्तरी ओलांडलेला, उंच, कमरेत एका बाजूला कललेला माणूस. त्याने डबा घेतला, चकल्यांकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं.

"ग्रँड," तो म्हणाला आणि त्याने दार उघडून धरलं. आयर्लंडमध्ये 'ग्रँड'चा अर्थ काहीही होतो. या वेळचा अर्थ 'निघा आता' असा होता.

घरी आल्यावर मकरंदने कपाळाला हात लावला. "अगं, घरमालक आहे तो आपला! त्याच्या आजोबांपासून सगळ्यांचा एका दमात उद्धार केलास?"

"उद्धार कसला? जे दिसलं ते बोलले."

"तेच. तुझं दिसणं महागात पडतं."

पुढे बरेच दिवस डबा आला नाही. पॉड्रिग कुंपणापलीकडून नुसती मान हलवायचा. योगिनीला चुटपुट लागली, पण आपलं म्हणणं चुकलं असं काही तिला वाटेना, आणि हेच तिचं मोठं दुखणं होतं.

ऑक्टोबर लागला आणि एका सकाळी डोंगरावरून आवाज आला. योगिनी अंगणात कपडे वाळत घालत होती. (पाऊस थांबला की लगेच कपडे बाहेर, हे तिथे आल्याआल्या शिकावं लागतं.) आधी तिला वाटलं कुणाचा तरी वळू डुरकतोय. पण हा आवाज वळूपेक्षा लांबलचक होता, पोटातून निघून दरीभर घुमत जाणारा. अंगावर सर्रकन काटा आला. चिमटा हातातच राहिला.

तेवढ्यात पॉड्रिग कुंपणापाशी. कंबर दुखणारा माणूस जवळजवळ पळत आला होता.

"ऐकलंस? ऐकलंस ना?" त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "बारा फाट्यांचा आहे! प्रत्येक बाजूला सहा. रॉयल म्हणतात आम्ही त्याला. पलीकडचं जंगल तोडलं ना, तिकडून आला असणार. काल संध्याकाळी डोळ्यांनी बघितला मी. जन्मात पहिल्यांदा, पोरी! जन्मात पहिल्यांदा!"

'बारशिंगा', योगिनीच्या मनात आलं आणि तीही त्याच्याइतकीच थरारली. मग एकदम तिच्या लक्षात आलं की हा माणूस एवढा आनंदात का आहे.

"तुम्ही त्याला मारणार?"

"मग काय पूजा करू?" पॉड्रिग म्हणाला. "शेकोटीवरचा तो रिकामा हूक पाहिलास ना भिंतीत? माझ्या वडिलांनी ठोकलाय, रॉयलसाठी. त्यांना नाही मिळाला. मलाही आजवर नाही. आणि ही कंबर बघ. पुढच्या वर्षी डोंगर चढेन असं डॉक्टरही म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही."

आता गप्प बसावं की नाही? घरमालक, म्हातारा माणूस, त्याचं आयुष्यभराचं स्वप्न. पण गप्प बसणं हे योगिनीच्या पत्रिकेतच नव्हतं. ती चिमटा नाचवत कुंपणाला भिडली.

"काका, नका मारू! इतक्या वर्षांनी तुमच्या दरीत खरं बियाणं चालत आलंय आणि तुम्ही ते पेरणीच्या आधीच हुकाला लावणार? या हंगामात त्याला राहू द्या. माद्या त्याच्याच मागे जातील. बघा मग पाच-सात वर्षांनी काय पीक येतं ते!"

'काका' हा शब्द ती मराठीतच बोलली होती. तो त्याला कळला नसेल, पण बाकीचं कळलं. त्याने कुंपणावर कोपर टेकलं. मग म्हणाला, "ते भिंतीबद्दल बोललीस ना, ते तेव्हापासून डोक्यात फिरतंय माझ्या. झोपताना दिवा घालवायला गेलो की ती शिंगं दिसतात. दारापासून खिडकीपर्यंत. आता दुसरं काही दिसतच नाही, तुझ्या कृपेने."

"सॉरी."

"सॉरी नको. मला सांग, मग मारायचं कोणाला? ही दरी माझी. इथे दुसऱ्या कुणाला बंदूक आणायची परवानगी नाही. आणि मी एकदाही वर गेलो नाही, असा ऑक्टोबर अजून गेलेला नाही."

हा प्रश्न ऐकला आणि योगिनीला राहुरीचा प्लॉटच डोळ्यांसमोर दिसायला लागला. याचं उत्तर तर तिला झोपेतही देता आलं असतं.

"भेसळ काढायची!" ती म्हणाली. "बियाण्याच्या प्लॉटमध्ये आम्ही फुलोऱ्याच्या आधी फिरतो. जे झाड खुरटं, वेगळं, वाणाला न शोभणारं, ते उपटून फेकतो. म्हणजे त्याचा पराग दुसऱ्यांना लागत नाही. तुमच्याकडे असेल की असा एखादा फालतू."

"आहे ना. शिंगं म्हणजे नुसत्या दोन पेन्सिली. फाटाच नाही. कळपाच्या कडेकडेने फिरतो, लाजल्यासारखा."

"तोच!" योगिनी म्हणाली. अगदी ठासून म्हणाली.

पॉड्रिगने डोळे बारीक केले. "ठीक आहे. रॉयलला हात लावत नाही. पेन्सिलवाल्याला काढू. पण तू वर यायचंस. बोट तू दाखवायचं, चाप मी ओढणार. माझ्या हुकाची किंमत काय, ते तूही जरा जवळून बघ."

मकरंदला हे सांगितलं तेव्हा तो चहा प्यायचा थांबला. "तू? झुरळ दिसलं तर मला ऑफिसातून बोलावतेस, तू शिकारीला?"

"शिकार नाही रे. निवड आहे ती," योगिनी म्हणाली, आणि आनंदाने तिचे पाय जमिनीवर ठरेनात. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला तिच्या कामातलं काही विचारलं होतं.

शनिवारी उजाडता उजाडता ती दोघं निघाली. गमबूट, मकरंदचं जाकीट, दोन स्वेटर. डोंगर म्हणजे सगळा ओला स्पंज, पाय टाकला की फसकन आत. पॉड्रिग वाऱ्याकडे तोंड करून चालत होता, दर थोड्या वेळाने मूठभर गवत उडवून वारा कुठून येतोय ते बघत होता. कंबर कुठे गेली होती कुणास ठाऊक. वर डुरकणं सुरूच होतं. जवळ, आणखी जवळ. शेवटचा चढ त्यांनी पोटावर सरपटत काढला. योगिनीच्या बाहीतून थंडगार पाणी कोपरापर्यंत गेलं, नाकाला हेदरची झुडपं घासत होती, आणि तिला हसू दाबून धरावं लागत होतं. पुण्याच्या मैत्रिणींनी आत्ता बघायला हवं होतं!

कड्यावरून डोकं वर काढलं, आणि हसणं आपोआप बंद झालं.

खाली हिरव्या उतारावर माद्यांचा कळप, आणि त्यांच्या मधोमध तो. मान चिखलाने माखलेली, तोंडातून वाफा. त्याने डोकं मागे टाकलं तेव्हा शिंगांची टोकं पाठीला टेकली. मग तो डुरकला आणि योगिनीच्या छातीखालची जमीन हलल्यासारखी झाली. तिने दुर्बीण डोळ्यांना लावली. एका बाजूचे सहा फाटे तिने बघितले, दुसऱ्या बाजूचेही सहा, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. का, ते विचारू नका. चांगलं वाण बघून रडणारी माणसं या जगात असतात.

शेजारी खट्ट असा बारीक आवाज झाला. पॉड्रिगने बंदुकीचा सेफ्टी कॅच काढला होता, आणि नळी रॉयलवर होती.

योगिनीने त्याच्याकडे बघितलं. त्याचा गाल बंदुकीच्या दस्त्याला चिकटलेला, ओठ घट्ट. इथे त्याने चाप ओढला असता तर तिच्या हातात काय होतं? काही नव्हतं. होता तो एका म्हाताऱ्या माणसाचा शब्द.

"देवा रे, काय आहे हा," पॉड्रिग पुटपुटला. मग त्याने लांब श्वास सोडला आणि नळी हळूहळू डावीकडे फिरवली. "तो बघ तुझा. झऱ्यापाशी. सांग फक्त."

पेन्सिलवाला एकटाच उभा होता. योगिनीने दुर्बीण त्याच्यावर नेली. खरंच दोन पेन्सिली, त्यातली एक जरा वाकडी. काय ध्यान आहे, असं तिला वाटलं. तिने बोट उचललं. तेवढ्यात त्याने मान वळवून एका म्हाताऱ्या मादीकडे बघितलं, तिच्या जवळ जायला गेला आणि तिने डोक्याने ढुशी दिली तसा परत मागे झाला. त्याचं तोंड आखूड होतं. पाय मात्र नुसते लांबच लांब, अंगाला न शोभणारे, दहावीतल्या मुलाच्या हातापायांसारखे.

आणि योगिनीच्या कानात एकदम पद्माकर सरांचा आवाज घुमला. राहुरीच्या प्लॉटवर कुणी नवशिका विद्यार्थी झाडाला हात लावायला गेला की सर ओरडायचे, "आधी विचार, पेरा कधीचा?" पेरणी कधीची हे कळल्याशिवाय कुठल्याही झाडाला खुरटं म्हणायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. पण प्लॉटवर सगळी ज्वारी एकाच दिवशी पेरलेली असते. वर्षानुवर्षं एकाच वयाची झाडं बघून बघून तो प्रश्न विचारायची तिची सवयच गेली होती.

"पॉड्रिग," ती कुजबुजली, "त्याचं वय काय?"

"कुणाचं? पेन्सिलवाल्याचं? गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातलं पिल्लू. तेही उशिरा झालेलं."

"म्हणजे ही त्याची पहिली शिंगं?"

"मग? पहिल्या वर्षी बहुतेकांना अशीच येतात."

"रॉयललाही?"

"रॉयललाही असतील की. बोल लवकर, माझा हात भरून आला."

"थांबा!" योगिनी ओरडली.

कुजबुजायचं ती विसरून गेली होती. सगळ्या दरीत 'थांबा' घुमलं, तेही मराठीत. कळपाच्या माना एकदम वर झाल्या, एक मादी भुंकल्यासारखी ओरडली आणि क्षणात सगळा उतार धावायला लागला. माद्या, पिल्लं, लांब पायांचा तो पेन्सिलवाला, आणि सगळ्यांच्या मागे रॉयल, शिंगं मागे टाकून. खिंडीच्या पलीकडे गेले, दिसेनासे झाले.

पॉड्रिगने मोजून तीन शिव्या घातल्या. त्या योगिनीला समजल्या नाहीत, कारण आयरिश भाषेत होत्या, पण त्यांचं वजन कळलं.

"चूक माझी होती," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मी त्याला खुरटा समजले. तो खुरटा नाही, उशिरा पेरलेला आहे. तुम्ही आधी सांगायचं ना!"

"मी? शास्त्रज्ञ तू आहेस!"

मग पॉड्रिग हसायला लागला, ओल्या गवतात उताणा पडून, आणि योगिनीही. हसता हसता त्याने थर्मास काढला. चहा पिताना ती म्हणाली, "खिडकीजवळची ती तुमची शिंगं... ती हरणं मारली तेव्हा किती वर्षांची होती?"

पॉड्रिगने कप खाली ठेवला. "तरुणच. आजोबा थांबायचे, दात झिजलेला नर बघून मारायचे. मला कुठे दम निघायचा? जरा बरी शिंगं दिसली की ठो."

"म्हणजे हुरड्यातच खुडलीत," योगिनी म्हणाली, आणि हुरडा म्हणजे दाणा भरून कडक व्हायच्या आधी खाल्लेलं कोवळं कणीस, हे तिने त्याला समजावलं. "चवीला छान. पण हुरडा खाऊन संपवला की बियाणं कुठलं? भिंतीचं सगळं पाप आजोबांच्या माथी नाही काका. निम्मं वाणाचं, निम्मं घाईचं. आणि घाई तर मीही केली होती आत्ता."

पॉड्रिग खिंडीकडे बघत होता. "पलीकडची दरी माझी नाही," तो सावकाश म्हणाला. "तिकडे शनिवार-रविवारी गाड्या भरून शिकारी येतात. परत आला तर आला."

योगिनीने दुर्बीण खिंडीकडे वळवली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तो परत आला नाही. ती रोज सकाळी अंगणात जाऊन कान देई. मेंढ्या, कावळे, दूधवाल्याची गाडी. डुरकणं नाही. पलीकडून मात्र अधूनमधून बार ऐकू येत, आणि प्रत्येक बाराला ती हातातलं काम टाकून दारात येई. मकरंद म्हणे, "अगं, तू ओरडली नसतीस तर ते पोरगं गेलं असतं ना?" "आणि ओरडले म्हणून राजा गेला असेल तर?" मकरंद उठून तिच्यासाठी चहा ठेवायचा. हिवाळ्यात पॉड्रिगकडून डबा आला, एका म्हाताऱ्या मादीच्या मटणाचा. तिने काळा मसाला घालून रस्सा केला आणि डबा भरून परत दिला. रॉयलचं नाव दोघांनीही काढलं नाही. शेकोटीवरचा हूक रिकामाच होता.

मे महिना लागला. योगिनी दारातल्या कुंडीत कोथिंबीर पेरत होती, तेव्हा पॉड्रिग काठी टेकत आला, खांद्यावर गोणपाट. त्याने गोणपाट उघडलं आणि आतलं शिंग तिच्यासमोर पायरीवर ठेवलं.

सहा फाटे.

योगिनी उभी राहिली. हात मातीने भरलेले, तसेच. "मारलंत," ती म्हणाली. "शब्द दिला होतात मला. मारलंत तुम्ही त्याला!"

"पोरी—"

"एवढा हूक प्यारा? हंगाम संपल्यावरसुद्धा?" तिचा आवाज फाटला. "घ्या ते, न्या इथून! माझ्या दारात नको!"

"अगं बाई, बूड बघ त्याचं!" पॉड्रिग तिच्याहून मोठ्याने ओरडला.

त्याने शिंग उलटं केलं. बुडाशी कवटी नव्हती, हाड नव्हतं, करवतीचा व्रण नव्हता. गोल, खडबडीत, कोरडी जागा, पिकलेला आंबा देठापासून सुटावा तशी.

"टाकलंय त्याने," पॉड्रिग म्हणाला. "स्वतःहून. दर वसंतात सगळे नर टाकतात आणि ऑगस्टपर्यंत नवी येतात, आणखी मोठी. वरच्या झऱ्यापाशी सापडलं. माझ्या दरीत! आलाय तो परत, सगळा हिवाळा काढून आलाय! तुला हे माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. बैलाचं शिंग काय, बकरीचं काय, एकदा आलं ते मरेपर्यंत, हेच तिने जन्मभर बघितलं होतं. ती पायरीवर बसली, ते शिंग मांडीवर घेतलं आणि मातीच्या हातांनी फाटे चाचपत सुटली, एक, दोन, तीन, परत पहिल्यापासून. हसू आणि रडू एकदमच येत होतं आणि तिने दोन्ही येऊ दिलं.

"म्हणजे हूक..."

"आज लावणार. वडील म्हणाले होते रॉयलचं शिंग लाव. रॉयलला मारून लाव असं कुठे म्हणाले होते?" पॉड्रिगने नाक पुसलं. मग कोटाच्या खिशात हात घालून काहीतरी काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. "आणि हे तुझं. झऱ्यापासून थोडं खाली पडलं होतं."

बोटाएवढं जाड, वीतभर लांब, फाटा एकही नाही. जरासं वाकडं.

संध्याकाळी मकरंद कामावरून आला तेव्हा योगिनी स्वयंपाकघरात खुर्चीवर उभी होती. छताच्या हुकाला सुतळी बांधून तिने ती वाकडी पेन्सिल टांगली होती आणि खाली उभं राहून दिसते कशी, ते बघायला उतरत होती.

"हे काय टांगलंयस?" त्याने विचारलं.

"बियाणं," योगिनी म्हणाली.